‘पिता’, ‘पाद्री’ आणि ‘फादर’ : एका शब्दाच्या तीन वाटा

कोलकाता : मराठीत जन्मदात्यासाठी ‘पिता’, तर ख्रिस्ती धर्मगुरूसाठी ‘पाद्री’ आणि ‘फादर’ हे शब्द रूढ आहेत. तिन्हींचे मूळ एकच असले तरी मराठीत ते निरनिराळ्या वाटांनी आले. ‘पिता’ संस्कृतातून आला, ‘पाद्री’ पोर्तुगीजमधून आणि ‘फादर’ इंग्रजीतून.

अशा साम्यामागील नात्याची प्रसिद्ध मांडणी कोलकात्यात झाली. फोर्ट विल्यम येथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापन केली. २ फेब्रुवारी १७८६ रोजी तेथील व्याख्यानात त्यांनी प्रतिपादन केले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत व व्याकरणरूपांत दिसणारे साम्य योगायोगाचे नाही. या भाषा समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वात नसेल. त्याआधी, १५८३ मध्ये, ‘क्रिस्तपुराण’ हा मराठी ग्रंथ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनीही गोव्याहून लिहिलेल्या पत्रात असे साम्य नोंदवले होते.

संस्कृत ‘पितृ’ला ग्रीक व लॅटिनमध्ये ‘पातेर’ हा प्रतिशब्द आहे. लॅटिन शब्दापासून इटालियन व स्पॅनिश ‘पाद्रे’ आणि फ्रेंच ‘पेर’ झाले. जर्मन ‘फाटर’ व इंग्रजी ‘फादर’ यांत मूळच्या ‘प’चा ‘फ’ झाला. हा बदल नियमबद्ध असल्याचे याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये दाखवले. रशियनसारख्या स्लाव्ह भाषांत मात्र वडिलांसाठीचा शब्द वेगळ्या मुळाचा आहे.

अर्थाच्या दृष्टीने हा शब्द केवळ जन्मदात्यापुरता मर्यादित राहिला नाही. रोमन समाजात तो कुटुंबप्रमुखाचा अधिकार सुचवी. ऋग्वेदातील ‘द्यौष्पिता’ आणि रोमनांचा ‘ज्युपिटर’ या दोन्ही नावांत आकाशदेवतेला पिता म्हटले आहे. ख्रिस्ती परंपरेत तोच मान धर्मगुरूला मिळाला.

युरोपीय शब्द संस्कृतातून निघाले, असा समज आजही आढळतो. जोन्स यांचे प्रतिपादन तसे नव्हते. ‘पितृ’मधील ‘इ’ हा संस्कृत-इराणी शाखेत घडलेला बदल आहे. ग्रीक व लॅटिनमध्ये त्या जागी ‘अ’ आहे. मूळ शब्द कोणत्याही लेखात सापडलेला नाही. या सर्व भाषांची तुलना करूनच अभ्यासक त्याचे रूप ठरवतात. म्हणून संस्कृत ही लॅटिनची आई नव्हे, तर बहीण ठरते.