धणेपुडीची बखर

मसाल्याच्या व्यापाराचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा मिऱ्यांच्या गोणींवर आणि लवंगा-जायफळांनी भरलेल्या गलबतांवर खिळलेली असते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण ज्या जिनसांपायी पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घातला, वलंदेजांनी बांदा बेटांवर रक्तपात केला आणि इंग्रजांनी कंपनी सरकारची सनद मिळविली, त्यांच्या कथेत नाट्य आयतेच येते. धण्यांसाठी कोणी आरमार बांधले नाही, की त्यांच्या मक्त्यावरून कोणत्या दरबारी वकिलांची खडाजंगी झाली नाही. कुणब्याच्या शेतात हरभऱ्याच्या कडेने जे सहज उगवते, त्याच्या शोधात समुद्र ओलांडण्याचे प्रयोजन कोणाला पडावे? आणि तरीही या देशातील सामान्य घराचा मसाल्याचा डबा उघडून पाहावा, तर त्यातील सर्वांत लवकर रिकामी होणारी वाटी धणेपुडीची असण्याचाच संभव अधिक.

धणे मूळचे या भूमीतले नव्हेत. भूमध्य समुद्राचा पूर्वतीर आणि त्याला लागून असलेला पश्चिम आशियाचा प्रदेश हे त्यांचे मूलस्थान समजले जाते. इजिप्तचा अल्पायुषी राजा तुतानखामेन याच्या थडग्यात परलोकासाठी ठेवलेल्या सामग्रीत धणे सापडले, आणि ग्रीसमधील मायसिनीकालीन राजवाड्यांच्या मातीच्या पट्टिकांवर जो कोठारांचा हिशेब कोरलेला आहे, त्यातही त्यांची नोंद आहे. आपल्याकडे पाणिनीच्या काळापर्यंत हे धान्यक इतके रुळले होते, की त्याच्या ‘कुस्तुंबुरु’ या नावाच्या सिद्धीसाठी अष्टाध्यायीत एक स्वतंत्र सूत्र खर्ची पडले. कौटिल्याने कोष्ठागाराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना पिंपळी, मिरी, आले, जिरे यांच्या पंक्तीला, कटुवर्गात, कुस्तुंबुरु बसविले आहे. पुढे मराठेशाहीच्या कारभारात कोठी आणि मुदबख, म्हणजे पाकशाळा, हे दोन विभाग जे काम करीत, त्याची रूपरेषा तत्त्वतः हीच होती: जिन्नस आवक व्हावी, वजन व्हावे, नोंद व्हावी, आणि मग ती चुलीकडे जावी.

वैद्यांनी धण्यांकडे पाहिले ते मात्र निराळ्या दृष्टीने. चरकसंहितेत धान्यकाची गणना तृष्णानिग्रहण गणात, म्हणजे तहान शमविणाऱ्या द्रव्यांत, केलेली आहे. आणि रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी साखरेसह घ्यावयाचा धान्यकहिम शार्ङ्गधराने सांगितला आहे. वैशाखाच्या काहिलीत लघवीला जळजळ होऊ लागली म्हणजे घरातील वडीलधारी बाई धण्या-जिऱ्याचे पाणी पुढे करते, तेव्हा आपण शार्ङ्गधराची परंपरा चालवीत आहोत याची तिला गंधवार्ताही नसते, आणि असण्याची गरजही नाही.

परंतु औषधाचा धणा आणि स्वयंपाकाची धणेपूड यांत अंतर आहे, आणि ते समजण्यासाठी दाण्याची रचनाच पाहिली पाहिजे. ज्याला आपण बी म्हणतो ते वास्तविक फळ असून त्याच्या तंतुमय टरफलात दोन अर्धगोल दाणे एकमेकांस चिकटून असतात. रशिया आणि उत्तर युरोपात पिकणारा धणा बारीक, जेमतेम दीड ते तीन मिलिमीटरांचा, पण सुगंधी तेलाने समृद्ध. आपला भारतीय धणा आकाराने तीन ते पाच मिलिमीटरांचा, टपोरा, परंतु तेलाच्या बाबतीत कृपण, बहुधा शेकडा अर्ध्याहूनही कमी. युरोपातील अर्क काढणाऱ्यास तो दरिद्री वाटावा यात नवल नाही. पण माझ्या मते याच दारिद्र्याने त्याला स्वयंपाकघराचे आधिपत्य मिळवून दिले. ज्याचा गंध उग्र तो पदार्थ चिमटीनेच वापरावा लागतो, आणि चिमटीने रस्सा दाट होत नाही. धणेपूड चमच्याने, प्रसंगी मुठीने घालता येते. तिचे टरफल पाणी शोषून घेते, आमटीला आणि भाजीच्या रसाला अंग येते, आणि कोरड्या कढईत मंद आचेवर भाजल्याने तिच्यात उतरलेला खमंगपणा जिऱ्याचा उग्रपणा आणि हळदीचा कडवटपणा दोन्ही सावरून धरतो.

दरबारी पाकशाळेत धण्यांना हे स्थान नव्हते. अबुल फजलाने ऐन-ई-अकबरीत दोपियाझ्याची जी कृती नोंदविली आहे, तीत धणे, जिरे, वेलदोडे आणि लवंगा समान व अल्प प्रमाणात येतात. म्हणजे बादशाही मुदपाकखान्यात धणे हे अनेक मानकऱ्यांपैकी एक होते. वेलदोडा आणि लवंग ज्यांना परवडत नव्हती, त्या रयतेच्या चुलीवर ते पायाचा दगड झाले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर मिरची गोव्याच्या किनाऱ्यास लागली, आणि पुढील दोन शतकांत तिने मिऱ्यांची व पिंपळीची सत्ता जवळजवळ संपुष्टात आणली. परंतु सुभेदार बदलला तरी गावचा कुलकर्णी जसा आपले दप्तर घेऊन नव्या अंमलातही कामावर रुजू असतो, तसे धणे नव्या तिखटाच्या शेजारी पूर्ववत राहिले. किंबहुना मिरचीच्या दाहाला आवर घालणारा सौम्य जोडीदार लागला, तेव्हा त्यांची मागणी वाढलीच असावी.

या परंपरेची एक गमतीची शाखा विलायतेत आढळते. इ. स. १७४७ मध्ये हॅना ग्लास या बाईंनी लंडनमध्ये छापलेल्या पाकपुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीच्या ‘करी’ची कृती आहे, पहिल्या आवृत्तीत तिच्यात मसाल्याच्या नावाने मिरे आणि धणे एवढेच असून, ते धणे स्वच्छ फावड्यावर धरून विस्तवावर भाजावेत अशी सूचना आहे. हळद आणि आले पुढील आवृत्त्यांत आले. म्हणजे इंग्रजी करीने जे आधी उचलले, त्यात धणे होते! फावड्याची कल्पना मात्र आपल्या बायकांनी ऐकली, तर पदराआड हसतील.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर येथे धणेपूड दोन रूपांत नांदते. एक, भाजून जिऱ्यासह कुटलेली धणेजिरेपूड, जी रोजच्या भाजी-आमटीत पडते. दुसरे, मोठ्या मसाल्याचा आधार. गोडा मसाला घ्या: त्यात तीळ, सुके खोबरे, दगडफूल, तमालपत्र, लवंग, दालचिनी अशी मातब्बर मंडळी असतात, पण तराजूत तोलून पाहिले तर धणे त्या सर्वांना भारी पडतात. घाटावरच्या कांदा-लसूण मसाल्यात आणि मालवणी मसाल्यात मिरचीचे राज्य असले, तरी तिच्या पाठीशी धण्यांचे प्रमाण मोठेच असते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ च्या ‘सूपशास्त्रा’पासून कमलाबाई ओगले यांच्या १९७० च्या ‘रुचिरा’पर्यंत मराठी पाकग्रंथ बदलले, मापे बदलली, शेर-मासा जाऊन वाटी-चमचा आला, धण्यांना मात्र कोणी हात लावला नाही. धनत्रयोदशीला धणे आणि गूळ यांचा नैवेद्य दाखविण्याची चाल याच ममत्वातून निघालेली दिसते, आणि भोजनोत्तर खावयाची मीठ लावलेली धणाडाळ ही त्याच दाण्याची आणखी एक सेवा.

वर्षाचा मसाला उन्हाळ्यात व्हावयाचा. चैत्र-वैशाखात धणे निवडून, ऊन दाखवून, थोड्या तेलावर परतून उखळात कुटले जात आणि त्या दिवसांत आळीत शिरल्याबरोबर कोणाकडे मसाला होतो आहे हे नाकाला कळे. पुढे उखळाची जागा डंकाने घेतली. लालबागच्या मिरची गल्लीत आजही बायका धणे-मिरची खरेदी करून, तेथेच भाजून, डंकावर आपल्या देखत कुटून घेतात. यंत्राच्या चक्कीत पूड तापते आणि तेल उडून जाते, डंकाखाली ती तितकी तापत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

हे धणे येतात कोठून? मराठवाड्यात आणि विदर्भात काही पिकतात, परंतु खरे आगर राजस्थानच्या हाडौतीत आहे. कोटा, बारां, झालावाड या मुलखाच्या काळ्या जमिनीत रब्बीला, दिवाळीच्या सुमारास, धणे पेरतात आणि फाल्गुनात काढतात. मध्य प्रदेशातील गुना व कुंभराज आणि सौराष्ट्रातील गोंडल-जुनागढ हे त्यांचे प्रतिस्पर्धी. मुंबई-दिल्ली लोहमार्गावरील रामगंज मंडी हे गाव फरशीच्या दगडासाठी आणि धण्यांसाठी सारखेच प्रसिद्ध आहे. हंगामात तेथील अडते मूठभर दाणे तळहातावर घेऊन रंग व वास पाहून भाव ठरवितात. हिरवटसर दाण्याला चढा भाव, ऊन लागून बदामी झालेल्याला उतरता. पिकाला थंडीचा कडाका आणि ‘लौंगिया’ रोग या दोहोंची धास्ती. या रोगात दाणा लवंगेसारखा लांबट होतो आणि माल मातीमोल ठरतो.

तयार पुडीच्या पुड्या घरोघर आल्या आणि कुटण्याचे श्रम वाचले, याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. पण सबंध धण्यात भेसळ करणे कठीण, आणि पुडीत कोंडा वा लाकडाचा भुसा मिसळणे सोपे. म्हणूनच १९३७ च्या प्रतवारी कायद्याने अ‍ॅगमार्कची छाप आणि १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याने सजेची तरतूद करावी लागली. वाचकांस एवढीच विनंती, की धणे सबंध घ्यावेत, महिन्याला पुरतील इतकेच मंद आचेवर भाजावेत, निवल्यावर कुटावेत, आणि पूड काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावी.