टायटॅनियम बेरिलाइड

टायटॅनियम बेरिलाइड हे बेरिलियम व टायटॅनियम या धातूंचे आंतरधात्वीय संयुग आहे. या दोन धातूंची अशी अनेक संयुगे ज्ञात असून प्रस्तुत लेख एका टायटॅनियम अणूमागे बारा बेरिलियम अणू असलेल्या संयुगाविषयी आहे. अणुकेंद्रीय संमीलनावर चालणाऱ्या भावी अणुभट्ट्यांत न्यूट्रॉन-गुणक म्हणून त्याचा अभ्यास होत आहे.

गुणधर्म

या संयुगाच्या वस्तुमानाचा सुमारे ६९ टक्के भाग बेरिलियमचा असतो. त्याचे स्फटिक चतुष्कोणीय असतात. शुद्ध बेरिलियम १,२८७° से. तापमानास वितळते, हे संयुग मात्र सुमारे १,५९०° से.पर्यंत घनरूपात टिकते. तप्त वाफेशी त्याची विक्रिया बेरिलियमच्या तुलनेने मंद असते. त्यामुळे अपघातप्रसंगी निर्माण होणाऱ्या ज्वालाग्राही हायड्रोजनचे प्रमाण कमी राहते.

संभाव्य उपयोग

ड्यूटेरियम व ट्रिटियम यांच्या संमीलनातून हेलियम व एक न्यूट्रॉन मिळतो. ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे असल्याने ते निसर्गात अत्यल्प आढळते व अणुभट्टीलाच लिथियमपासून तयार करावे लागते. त्यासाठी लागणारे काही न्यूट्रॉन इतर घटकांत शोषले जाऊन वाया जातात. वेगवान न्यूट्रॉन बेरिलियमच्या अणुकेंद्रावर आदळल्यास दोन न्यूट्रॉन बाहेर पडतात व ही तूट भरून निघते. मात्र या प्रक्रियेत हेलियमही तयार होतो. त्यामुळे शुद्ध बेरिलियम कालांतराने फुगते आणि ट्रिटियम धरून ठेवते. हे दोन्ही दोष टायटॅनियम बेरिलाइडमध्ये बरेच कमी आढळतात. म्हणून युरोपच्या ‘डेमो’ या नियोजित अणुभट्टीच्या एका आराखड्यात त्याचा विचार झाला आहे.

मर्यादा

हे संयुग ठिसूळ असल्याने त्यास आकार देणे कठीण जाते. सामान्यतः चूर्ण धातुविज्ञानाच्या पद्धतींनी त्याचे ठोकळे बनवतात. बेरिलियमची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास बेरिलिओसिस हा फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार होऊ शकतो. त्यामुळे घडाईच्या प्रत्येक टप्प्यावर धूळ रोखणारी बंदिस्त व्यवस्था आवश्यक असते. टायटॅनियमच्या अंतर्भावामुळे न्यूट्रॉन-गुणनही शुद्ध बेरिलियमपेक्षा काहीसे घटते.

महाराष्ट्रातील बेरिलियम

भाभा अणुसंशोधन केंद्राचा बेरिलियम प्रकल्प नवी मुंबईत वाशी येथे आहे. याच केंद्राच्या ट्रॉम्बे येथील नूतनीकृत ‘अप्सरा’ अणुभट्टीत बेरिलियम ऑक्साइडचा न्यूट्रॉन-परावर्तक म्हणून उपयोग केला आहे. ही अणुभट्टी १० सप्टेंबर २०१८ रोजी कार्यान्वित झाली. परावर्तक बाहेर निसटणारे न्यूट्रॉन गाभ्याकडे परत वळवतो, तर गुणक त्यांची संख्या वाढवतो. म्हणून हे दोन उपयोग भिन्न मानले जातात.