खटल्याची बदली

शिक्षकाला ‘बदली’ म्हटले की पोटात गोळा येतो. खटल्याचीही बदली होते, हे मात्र आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्या जणांना ठाऊक नव्हते. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बिल्किस बानो प्रकरणातील ११ दोषींची सुटका रद्द केली. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने विचारले, “सर, गुन्हा गुजरातमधला, कैदीही गोध्र्याच्या तुरुंगात. मग शिक्षा माफ करायचा अधिकार महाराष्ट्राचा कसा?”

या प्रश्नाचे उत्तर वीस वर्षे मागे आहे.

ठाण्यातला फौजदारी खटला कल्याणला न्यायचा तर ठाण्याचे सत्र न्यायाधीशच तसा आदेश देऊ शकतात. एका सत्र विभागातून दुसऱ्यात न्यायचा तर उच्च न्यायालय. राज्याची हद्द ओलांडायची असेल तर मात्र थेट दिल्ली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी ४०६ वे कलम होते; १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते ४४६ वे झाले आहे. ही बदली मागितली की मिळते असे नाही. राणी जेठमलानी यांनी मुंबईत केलेली फिर्याद दिल्लीला हलवावी, असा मनेका गांधींचा अर्ज होता. १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी तो फेटाळला. गैरसोय हे पुरेसे कारण नाही, निष्पक्ष सुनावणी होणार नाही अशी रास्त भीती हवी, असा त्यांचा रोख होता.

ती भीती म्हणजे काय, हे २००३ मध्ये दिसले. बडोद्याच्या बेस्ट बेकरीत १ मार्च २००२ ला १४ जण मारले गेले. जलदगती न्यायालयात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि २७ जून २००३ ला सगळे २१ आरोपी सुटले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. १२ एप्रिल २००४ ला न्या. दोराईस्वामी राजू आणि न्या. अरिजित पसायत यांनी फेरखटल्याचा आदेश दिला, तोही महाराष्ट्रात. साक्षीदारांना हजर करणे, त्यांना संरक्षण देणे ही जबाबदारी गुजरात सरकारवर टाकली.

बडोद्याहून मुंबईला येणारी गाडी डहाणू, पालघर, विरार अशी उतरते. २०१४ पर्यंत हा सगळा ठाणे जिल्हाच होता. साक्ष द्यायला निघालेली ती माणसे आमच्याच जिल्ह्यातून गेली असतील, आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

माझगावच्या न्यायालयात न्या. अभय ठिपसे यांनी २४ फेब्रुवारी २००६ ला नऊ जणांना जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयात त्यातले पाच सुटले, चौघांची शिक्षा राहिली. मुख्य साक्षीदार जाहिरा शेख मधल्या काळात पुन्हा उलटली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिलाच एक वर्षाची कैद झाली. बदलीने सगळे सुरळीत होते, असे समजणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

बिल्किस बानो यांचा खटला ऑगस्ट २००४ मध्ये मुंबईत आला. स्थानिक पोलिसांनी ज्याची फाईल बंद केली होती, त्याच प्रकरणात विशेष न्यायाधीश यू. डी. साळवी यांनी २१ जानेवारी २००८ ला ११ जणांना जन्मठेप सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने ४ मे २०१७ ला ती कायम केली.

शिक्षा मुंबईत झाली, इथेच सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. माफीचे तेव्हाचे कलम ४३२ सांगत होते की ज्या राज्यात शिक्षा ठोठावली गेली, त्या राज्याचे सरकार माफीचा निर्णय घेईल. गुन्हा कुठे घडला किंवा कैदी कुठल्या तुरुंगात आहे, याला महत्त्व नाही. तरीही मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठाने हा अधिकार गुजरातचा मानला आणि १५ ऑगस्टला दोषी बाहेर आले. त्यांच्या गळ्यात हार पडले, ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले. न्या. नागरत्ना आणि न्या. उज्जल भुयान यांनी २०२४ मध्ये सांगितले की वस्तुस्थिती लपवून तो आदेश मिळवला गेला होता.

२१ जानेवारी २०२४ च्या रात्री अकराही जण गोध्र्याच्या तुरुंगात परत हजर झाले. जन्मठेप सुनावल्याला त्या दिवशी बरोबर सोळा वर्षे झाली होती. यापुढे माफी मागायची तर अर्ज महाराष्ट्र सरकारकडे, मुंबईला.