तळटीप ७ : ‘हेंडलीचा सामना’

७. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर ९ सप्टेंबर १९६५ रोजी डॉजर्सनी शिकागो कब्जना १-० असे हरवले, तो बेसबॉलचा सामना. डॉजर्सचा डावखुरा पिचर सँडी कूफॅक्स याने २७ पैकी एकाही फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिले नाही. अशा सामन्याला ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. कब्जच्या बॉब हेंडलीनेही एकच हिट दिली, आणि गंमत म्हणजे तिचा एकमेव धावेशी संबंध नव्हता. पाचव्या इनिंगमध्ये लू जॉन्सन चार बाहेरच्या चेंडूंमुळे फुकट पहिल्या बेसवर गेला, बंटवर दुसऱ्यावर. तिसरा बेस चोरताना कॅचरची फेक भरकटली आणि तो घरी पोहोचला. पराभव मात्र हेंडलीच्या नावावर नोंदला गेला. लेखकाचा रोख त्याच्याकडे आहे, कूफॅक्सकडे नव्हे. — संपा.