हिरवा वारा

अबोलीच्या फुलास वास नसतो. म्हणून तिच्या गजऱ्यांत मरव्याची काडी गुंफण्याची चाल आमच्या बायकांनीं पाडली, आणि रंग फुलाचा व वास पानाचा असा तो संसार पिढ्यान्‌पिढ्या सुखाचा झाला. ज्योतिबाच्या डोंगरावर देवास वाहतात तो दवणाही त्याच्या पाल्याच्या वासासाठींच. पानाचा वास अंगावर बाळगण्यांत कांहीं विशेष आहे असें त्यामुळें आम्हांस वाटत नाहीं. युरोपांतील उंची अत्तरांचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र या साध्या गोष्टीस तेथें केवढें धैर्य लागलें हें ध्यानांत येतें. रोझमेरी, लॅव्हेंडर अशा वनस्पतींचें सुगंधी पाणी तिकडे जुनेंच. परंतु स्त्रियांचें भारी अत्तर म्हटलें कीं गुलाब, जाई आणि त्यांच्या खालीं कस्तुरी, अंबर, व्हॅनिला यांचा ऊबदार थर, अशी रीत पडून गेली होती. हिरवेपणा असलाच तर तोंडीं लावण्यापुरता. त्या रीतीस १९४७ सालीं पॅरिसमध्यें एका बाईनें जो धक्का दिला, त्याची ही हकीकत आहे.

बाटलीवर नांव तिचें नव्हतें. तें होतें पिएर बाल्मँ याचें. महायुद्ध संपतां संपतां, १९४५ मध्यें, या वस्त्रकारानें पॅरिसमध्यें आपली पेढी थाटली, आणि वस्त्रांच्या जोडीला अत्तर हवें या तिकडच्या रिवाजाप्रमाणें पुढच्याच वर्षीं एक अत्तर काढलें. पेढीच्या टेलिफोनचा क्रमांक हेंच त्याचें नांव! दुसऱ्या अत्तराचें नांव मात्र त्यानें काव्यमय ठेवलें : 'व्हाँ व्हेर', म्हणजे हिरवा वारा. हीं दोन्ही अत्तरें ज्या हातांनीं जुळविलीं ते हात जर्मेन सेलिए हिचे.

सेलिए १९०९ सालीं बोर्दो येथें जन्मली. पॅरिसमध्यें रसायनशास्त्र शिकून ती सुगंधी द्रव्यांच्या रूर या मोठ्या पेढींत नोकरीस लागली. उंच, देखणी, तोंडाची फटकळ आणि सिगारेटची अखंड सोबतीण, असें तिचें वर्णन करतात. त्या काळीं अत्तरें रचणें हा जवळजवळ पुरुषांचाच धंदा होता. त्यांत ही बाई कोणाची भीड धरणारी नव्हे. सहकाऱ्यांशीं तिचें जमेना, तेव्हां मालकांनीं तिला काढून न टाकतां एक स्वतंत्र प्रयोगशाळाच थाटून दिली. गुणी माणसाचा स्वभाव सोसण्याची ही तऱ्हा आमच्या कचेऱ्यांतूनही दिसती तर बरें होतें. रोबेर पिगे या वस्त्रकारासाठीं तिनें १९४४ मध्यें 'बांदी' हें चामड्याच्या कडवट वासाचें अत्तर केलें होतें. पुढें १९४८ मध्यें त्याच्याचसाठीं 'फ्राका' हें निशिगंधानें ओथंबलेलें अत्तर केलें. एक द्रव्य उचलावें आणि दुसरा कोणी थांबला असता त्याच्या पुष्कळ पुढें न्यावें, ही तिची रीत. 'हिरव्या वाऱ्या'साठीं तिनें जें द्रव्य उचललें त्याचें नांव गॅल्बॅनम.

हें गॅल्बॅनम म्हणजे आपल्या हिंगाचें चुलत भावंड. ज्या फेरुला प्रजातींतील झुडपांपासून हिंग निघतो तिच्यांतलेंच हें दुसरें झुडूप, आणि मुलूख तोच, इराणकडचा. देठाच्या बुडाशीं चीर दिली म्हणजे दुधासारखा चीक पाझरतो व वाऱ्यावर वाळून त्याचा डिंक होतो. त्यांतून वाफेनें तेल काढतात. त्याचा वास कडू, ओलसर, ताज्या तोडलेल्या देठासारखा. ढोबळी मिरची चिरतांना जो हिरवा दर्प नाकांत शिरतो त्याचें मुख्य द्रव्यच या तेलांत अल्प प्रमाणांत असतें, असें पुढें रसायनशास्त्रज्ञांनीं दाखविलें. आणि तें द्रव्य इतकें तीव्र कीं पाण्याच्या एक लक्ष कोटि भागांत त्याचे दोन भाग असले तरी नाकास कळावेत. या डिंकाचें कुळ मोठें प्राचीन आहे. मोशेला जो पवित्र धूप करण्याची आज्ञा झाली, त्याच्या घटकांत जुन्या करारानें लोबानाबरोबर यालाही जागा दिली. हा तर दुर्गंधी. मग देवाच्या धुपांत कशाला? असा प्रश्न यहुदी धर्मपंडितांना पडला, आणि त्यांनीं त्याचा अर्थ असा लावला कीं पापी माणसांना वगळून केलेली प्रार्थना पुरी होत नाहीं.

असल्या द्रव्याचा एखादा थेंब घालून अत्तरकार भागवीत. सेलिएनें त्याचें प्रमाण सुमारें ८ टक्क्यांवर नेलें असें जाणकार सांगतात. कुपी उघडतांच प्रथम फूल भेटत नाहीं. भेटतो तो मोडलेला देठ, चिरडलेलें गवत आणि तोंडांत पाणी आणणारा कडूपणा. पुष्कळांना पहिला श्वास आवडत नसे, यांत नवल तें काय? परंतु मनगटावर थेंब लावून घटकाभर धीर धरला म्हणजे त्या गवतांतून हायसिंथ, गुलाब, जाई अशीं फुलें डोकावूं लागतात, तीं ओलीं, थंड, नुकतीं खुडल्यासारखीं. आणि सरतेशेवटीं ओक वृक्षावरच्या धोंडफुलाचा मातकट वास त्वचेवर उरतो. हें धोंडफूल आपल्या मसाल्यांतल्या दगडफुलाच्याच वर्गांतलें. हिंगाचें भावंड वर आणि दगडफुलाचें खालीं : आमच्या गृहिणीस हा मेळ ऐकून हंसूं येईल, पण फोडणीचें मर्म जिला कळतें तिला सेलिएचें मर्म उमगण्यास अडचण पडूं नये.

या वासास गिऱ्हाईक मिळालें तें कोणत्या पॅरिसमध्यें, हें पाहण्यासारखें आहे. शहर १९४४ च्या ऑगस्टमध्यें मुक्त झालें होतें, तरी पावावरील नियंत्रण १९४९ पर्यंत उठलें नाहीं. चार वर्षें परक्यांच्या टाचेखालीं काढलेल्या स्त्रियांपुढें त्याच १९४७ सालीं क्रिस्तियां दिओर यानें कमरेशीं आवळलेले, घेरदार झगे आणले. त्या झग्यांत वारंवार कापडाची हौस आणि जुन्या नाजुकपणाची ओढ दिसते. 'हिरव्या वाऱ्या'चा स्वभाव निराळा. हें अत्तर लावणारी स्त्री कोणाला जवळ बोलावीत नाहीं. खिडकी उघडावी तसें तें आधीं तिचें तिलाच लागतें. आमच्या मतें त्याचें खरें नवेपण गॅल्बॅनमच्या टक्क्यांहून येथें अधिक आहे. त्याच्या मागून पुष्कळ अत्तरें या वाटेनें गेलीं. शानेलच्या पेढीसाठीं आंरी रोबेर यानें १९७० मध्यें केलेलें 'क्रमांक १९' हें त्यांतलें सर्वांत मानी. त्यांत तोच कडू डिंक आयरिसच्या मुळाच्या कोरड्या, पिठूळ वासाशीं बांधला आहे.

आणि मूळ 'हिरव्या वाऱ्या'चें काय झालें? चित्र भिंतीवर राहतें, कविता कागदावर राहते. अत्तर उडून जातें, आणि कुपींत जपलें तरी वर्षानुवर्षें बिघडत जातें. उरतें तें कृतीचें टिपण. सेलिए तर आपल्या टिपणांत तयार मिश्रणें वापरी, ज्यांच्या पोटांत आणखी कित्येक द्रव्यें. तीं मिळेनाशीं झालीं कीं टिपणही मुकें होई. १९९० नंतर या अत्तराची फेररचना झाली. ती कालिस बेकर या दुसऱ्या एका बाईनें केली हा योगायोग मनोहर खरा, परंतु गॅल्बॅनमचा कडूपणा त्यांत पुष्कळ उतरविला गेला. त्याच दशकाच्या अखेरीस पुन्हा एकदां बदल झाला. नांव तेंच राहिलें. एखाद्या नाटकाच्या प्रवेशांतले सारे तिखट संवाद गाळून जुन्याच जाहिरातीवर तें रंगभूमीवर आणावें, तसा हा प्रकार. नाटककारास निदान तक्रार तरी करतां येते.

अत्तर रचणाऱ्यास ती करतां येते कीं नाहीं हा प्रश्न पुढें न्यायालयांत गेला. १३ जून २००६ रोजीं फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं अत्तर हें निव्वळ कसबाचें फळ आहे, त्यावर लेखकाचा म्हणून हक्क सांगतां येणार नाहीं. तीनच दिवसांनीं हॉलंडच्या सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या एका फ्रेंच अत्तराच्या बाबतींत नेमका उलट निवाडा दिला. सेलिएला यांतलें कांहींच कळावयाचें नव्हतें. ती १९७६ सालींच वारली होती.