पृष्ठवंश शस्त्रक्रियेतील प्रतिमादर्शन

पृष्ठवंशावर शस्त्रक्रिया चालू असतानाच क्ष-किरणांच्या साहाय्याने मणके व उपकरणे ह्यांची स्थिती पडद्यावर पाहण्याच्या तंत्रास ही संज्ञा देतात. मोठ्या छेदातून मणके उघडे केल्यास हाडांची ठेवण शल्यविशारदास प्रत्यक्ष दिसते. सुमारे दोन सेंमी. लांबीच्या छेदातून ती दिसत नाही. लगतचे मणके एकमेकांसारखे असल्याने भलत्याच मणक्यावर शस्त्रक्रिया होण्याचा, तसेच मेरुरज्जू व तंत्रिका ह्यांस इजा होण्याचा धोका असतो. त्यामुळे छेद जितका लहान, तितकी प्रतिमेची गरज अधिक.

व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन (१८४५–१९२३) ह्यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला [→ क्ष-किरण]. पुढच्याच वर्षी अनुस्फुरक पडद्यावर हलती छाया पाहण्याचे साधन प्रचारात आले. तथापि ती छाया अंधारात डोळे सरावल्यावरच दिसे. थॉमस एडिसन ह्यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे ह्या किरणांमुळे झालेल्या कर्करोगाने १९०४ मध्ये मरण पावले. १९४८ मध्ये अमेरिकेत जॉन कोल्टमन ह्यांनी प्रतिमा अनेक पटींनी उजळविणाऱ्या नलिकेचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५५ च्या सुमारास ‘सी’ अक्षराच्या आकाराचा फिरता बाहू असलेले यंत्र (सी-आर्म) आले व उजेडात, शस्त्रक्रियेच्या मेजावरच प्रतिमा मिळू लागली.

ह्याच आधारावर जपानमधील हिजिकाता ह्यांनी १९७५ मध्ये त्वचेतून नळी घालून मणक्यांमधील चकतीचा भाग काढण्याची पद्धत मांडली. १९९७ मध्ये फोली व स्मिथ ह्यांनी अमेरिकेत नलिका व अंतर्दर्शक ह्यांद्वारे अशी शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली.

छेद लहान झाल्याने स्नायूंची हानी घटली. मात्र किरणांचा भार शल्यविशारदावर पडला. मणक्यांत स्क्रू बसविताना त्याच्यापर्यंत पोहोचणारी मात्रा इतर अस्थि-शस्त्रक्रियांच्या १० ते १२ पट असू शकते, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने किरणांशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी नेत्रभिंगाची वार्षिक मर्यादा १५० वरून सरासरी २० मिलिसीव्हर्टपर्यंत खाली आणण्याची शिफारस केली.

१९९० नंतर संगणकीय मार्गदर्शन आले. आधी काढलेली छेदचित्रे उताण्या स्थितीतील असल्याने पालथ्या रुग्णाच्या मणक्यांशी ती तंतोतंत जुळत नसत. २००० नंतर मेजावरच त्रिमितीय प्रतिमा घेणारी यंत्रे आल्याने ही अडचण कमी झाली. प्रतिमा घेताना कर्मचाऱ्यांना दूर थांबता येऊ लागले. तथापि रुग्णास मिळणारी मात्रा त्यामुळे वाढू शकते. शिवाय रुग्णाच्या हाडास जोडलेली संदर्भखूण किंचित सरकली, तरी पडद्यावरील चित्र स्पष्ट पण स्थान चुकीचे असते. म्हणून शरीररचनेचे ज्ञान व हाताचा अनुभव ह्यांची जागा प्रतिमा घेऊ शकत नाही.