मँगनीजच्या खाणी आणि दगडांचे संग्राहक

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर भागांत, तुमसर तालुक्यांत, नाकाडोंगरी नांवाचें गांव आहे. चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग हीं त्याच्या आसपासचीं गांवें. इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, ताम्रपट आणि बखरी उभ्या राहतात. या गांवांच्या इतिहासाचें मुख्य साधन मात्र पायांखालीं पडलेलें आहे. तें म्हणजे दगड. आमच्या जुन्या खाणींच्या मुलुखांत दगड कोणीं जमविले, कशासाठीं जमविले, आणि अशा संग्रहाचें खरें मोल कशांत आहे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या दगडांचें कूळ पाहूं. छिंदवाड्यापासून नागपूर व भंडारा ओलांडून बालाघाटपर्यंत सुमारें दोनशें किलोमीटर लांबीचा एक खडकांचा पट्टा धनुष्यासारखा वांकलेला आहे. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं येथें समुद्र होता. त्याच्या तळाशीं वाळू, चिखल व चुना यांच्याबरोबर मँगनीजहि सांचलें. पुढें हे थर खोल गाडले गेले आणि दाबानें व उष्णतेनें त्यांचें रूप पालटलें. वाळूचा गारेसारखा कठीण खडक झाला, चुन्याचा संगमरवर झाला, आणि मँगनीजच्या थरांची काळी, जड धातु झाली. भूशास्त्रज्ञ या थरांना ‘सौसर गट’ म्हणतात. त्यांतील एका थरास आमच्या सीतासावंगीचें नांव आहे, तर ज्या थरांत बहुतेक धातु सांपडते त्यास रामटेकजवळच्या मनसरचें.

नागपूर प्रांतांत दगड जमविण्याची परंपरा या खाणींच्याहि आधींची आहे, आणि तिच्या आरंभीं एक शिक्षक उभा आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले व त्यांनीं तेथें शाळा काढली. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवानें चालतें. अध्यापन व धर्मप्रचार सांभाळून ते आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह टेकड्या आणि नाले धुंडाळीत. मांगली येथें सांपडलेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी विलायतेस गेली, व १८५५ सालीं रिचर्ड ओवेन यांनीं तिला ‘ब्रॅकिऑप्स’ हें नांव दिलें. नागपुराजवळच्या एका हिरव्या खनिजास १८५९ सालीं ‘हिस्लॉपाइट’ असें नांव मिळालें. पुढें तें स्वतंत्र खनिज नसून हिरवी माती मिसळलेला कॅल्साइट आहे असें ठरलें. १८६३ सालीं ताकळघाटजवळचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना नाल्याच्या पाण्यांत बुडून हिस्लॉप यांचा अंत झाला.

मँगनीजचा उद्योग यानंतरचा. १८९६ सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रज कंपनी निघाली, आणि १९०० च्या सुमारास नागपूर जिल्ह्यांत धातु निघूं लागली. लवकरच भंडारा व बालाघाट जिल्ह्यांतहि कुदळी पडल्या. पोलाद निर्दोष व चिवट व्हावयास मँगनीज लागतें. युरोपांतील कारखान्यांना तें हवें होतें. १९०५ च्या सुमारास रशियांतील अशांततेमुळें कॉकेशसच्या खाणींचा पुरवठा विस्कळित झाला आणि आपल्या धातूचा भाव एकदम चढला. तुमसरहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा या खाणींच्याच मुलुखांतून जातो. गोबरवाही व डोंगरी बुजुर्ग हीं त्यावरचीं स्टेशनें. १९६२ सालीं या कंपनीच्या जागीं सरकारचा वांटा असलेली नवी कंपनी आली, व १९७७ सालीं ती पूर्णपणें सरकारी झाली. चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणी आजहि चालू आहेत.

या खाणींचा पहिला मोठा अभ्यासक म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक खात्यांतील लुइस ली फर्मर. एकेक खाण पाहून व नमुने गोळा करून त्यांनीं लिहिलेला हजाराहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. नव्या वाटलेल्या खनिजांना त्यांनीं नांवें दिलीं. खात्याचे प्रमुख टॉमस हॉलंड यांच्यावरून ‘हॉलंडाइट’ झालें. छिंदवाडा जिल्ह्यांतील सीतापार गांवावरून ‘सितापाराइट’ व नागपूर जिल्ह्यांतील बेलडोंगरीवरून ‘बेलडोंगराइट’ हीं नांवें आलीं. मँगनीजयुक्त ताम्रमणि व गार यांच्या मिश्र खडकास त्यांनीं येथील गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ म्हटलें. पुढें १९३८ सालीं आमच्या शेजारच्या तिरोडीवरून ‘तिरोडाइट’ आलें.

या नांवांचें पुढें काय झालें, तें ऐकण्यासारखें आहे. सितापाराइटची क्ष-किरणांनीं परीक्षा झाली, तेव्हां १८९७ सालीं अमेरिकेंतील यूटा येथून वर्णिलेलें ‘बिक्सबाइट’ व हें एकच, असें १९४० नंतरच्या दशकांत ठरलें. तें नांव मेनार्ड बिक्सबी या दगडांच्या शोधकावरून पडलेलें. आधीं दिलेलें नांव टिकावयाचें, हा शास्त्राचा नियम. म्हणून सीतापार गांव पुस्तकांतून मागें पडलें. बेलडोंगराइट व तिरोडाइट हींहि नांवें आतां स्वतंत्र खनिज म्हणून मानलीं जात नाहींत. हॉलंडाइट मात्र टिकलें, आणि गोंडाइटहि टिकला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शास्त्राचें मत बदलतें, पण नमुना व त्यावरची चिठ्ठी जपलेली असेल, तरच नव्या साधनानें जुन्या मताची परीक्षा करतां येते. चिठ्ठी हरवली म्हणजे दगड मुका होतो.

या इतिहासांत आणखी एक वर्ग आहे, आणि त्याची चिठ्ठी कोणींच लिहिली नाहीं. खाणींतून निघालेला माल हातानें फोडून निवडण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः स्त्रियांनीं केलें. लहान हातोडीनें ढेकूळ फोडावयाचें, तळहातावर तोलावयाचें, आणि धातु एकीकडे व गार दुसरीकडे टाकावयाची. गार पाण्याच्या अडीच पटींहून किंचित् जड, तर ब्राउनाइट ही धातु पाण्याच्या सुमारें पावणेपांच पट जड. हा फरक त्या बायांच्या हातांना तराजूवांचून कळे. खनिजांचे खरे पहिले पारखी त्या होत. साहेबांचीं नांवें खनिजांना मिळालीं. या बायांपैकीं एकीचेंहि मिळालें नाहीं.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरीं देवळीशेजारीं एक सुंदर दगड ठेवलेला असे. आंत गुलाबी, वरून काळवंडलेला. तो ऱ्होडोनाइट होता. हें खनिज हवेंत उघडें राहिलें म्हणजे हळूहळू काळें पडतें. मुलाच्या आजीनें तो खाणींतून आणला होता. कोणत्या खाणींतून, कोणत्या सालीं, तें सांगणारें घरांत कोणी उरलें नव्हतें. दगड होता, त्याच्यामागचें आजीचें आयुष्य मात्र हरपलें होतें.

म्हणून ज्या तरुणांना या छंदाची आवड असेल त्यांना माझें सांगणें आहे. ओळखण्यास फार साधनें लागत नाहींत. चिनी मातीच्या फरशीच्या खरबरीत पाठीवर दगड ओढून पाहावा. पायरोलुसाइटची रेघ काळी उमटते व बोटांनाहि काजळी लागते. हेमॅटाइट या लोखंडी धातूची रेघ तांबडी येते. मधाच्या वा नारिंगी रंगाचे दाणे दिसले तर ते मँगनीजयुक्त ताम्रमणि असण्याचा संभव आहे. दगड घरीं आणल्यावर त्याच दिवशीं चिठ्ठी लिहावी: गांव, खाण, नेमकी जागा, तारीख, आणि कोणीं दिला त्याचें नांव. हें शेवटचें कधींहि विसरूं नये.

मात्र खाणीच्या हद्दींत परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. जुन्या बोगद्यांचीं छतें केव्हां ढांसळतील याचा नेम नसतो, आणि पाण्यानें भरलेल्या खड्ड्यांच्या कडा फसव्या असतात. मँगनीजची धूळ दीर्घकाळ छातींत गेल्यास मज्जासंस्थेचा असाध्य विकार जडतो. म्हणून दगड कुटून त्याची धूळ उडवूं नये व हात धुतल्यावांचून अन्नास स्पर्श करूं नये.

काल टाकाऊ ठरलेला माल आज कामाचा ठरतो. जुने ढीग हलविले जातात, खड्डे बुजतात, आणि जुनीं माणसें एकेक करून निघून जातात. खाणींच्या टापूंतील प्रत्येक शाळेनें एक लांकडी पेटी करावी. तींत परिसरांतील वीस-पंचवीस दगड ठेवावे आणि प्रत्येकाबरोबर तो देणाऱ्या कामकरी माणसाचें नांव व त्याची दोन ओळींची हकीकत लिहून ठेवावी. खर्च थोडा आहे. पण ज्या आज्यांनीं हे दगड तळहातावर तोलले, त्यांपैकीं कांहीं अद्याप गांवांत आहेत, तोंवरच हें काम झालें पाहिजे.